आधी कडबाकुट्टी, मग मिक्सर

हल्ली पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी गावाकडं आली की चहा व्हायच्या आत विचारतात, जातं आहे का हो तुमच्याकडं? पाटा-वरवंटा आहे का? आहे म्हटलं की फोटो निघतात. कुणी हौसेनं जात्यापुढं बसतं, दहा-वीस फेरे फिरवतं आणि तळहात लाल झाला की उठतं. जाताना रस्त्याच्या कडेला पाथरवटांची पालं दिसतात, तिथनं एखादा पाटा मोटारीच्या डिकीत घालून नेतात. पुढं त्या पाट्याचं फ्लॅटमध्ये काय होतं ते मला ठाऊक नाही. एका पाहुण्यांनी सांगितलं की वरवंट्याच्या आवाजानं खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात.

चांगलं आहे. जुन्या वस्तूंची ओढ असावी माणसाला. पण आमच्या घरात या वस्तूंचं माप वेगळं होतं. माझी आई नव्वदीला टेकून गेली. तिनं जन्मात कधी जात्याला चांगलं म्हटलं नाही. पाट्याला म्हटलं. विळीला म्हटलं. तवा तर तिनं देवासारखा जपला. जात्याचा विषय निघाला की म्हणायची, "त्या धोंड्याचं नाव नगं काढू." स्वयंपाकघरातल्या अवजारांचा इतिहास लिहायला बसलो तर आईच्या आवडी-नावडीचीच वाट धरावी लागते, कारण ती अवजारं वापरणारी ती होती. आम्ही फक्त जेवणारे.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. जवळच इनामगाव. तिथलं पांढरीचं रान पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ पासून पुढं कितीतरी वर्षं हिवाळ्या-उन्हाळ्यात खणत होती. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं मला पुढं पुस्तकातून कळली. तेव्हा आम्ही त्यांना नुसतं खणणारे साहेब म्हणायचो. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती त्यांनी उघडी केली. मातीच्या भिंतींची घरं, घरात चूल, धान्य साठवायचे मोठे रांजण, जमिनीत खणलेली पेवं. आमच्याही गावात तेव्हा पेवं होती, त्यामुळं आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते घरातल्या जमिनीखाली दोन भांड्यांची तोंडं जुळवून पुरलेल्या तान्ह्या पोरांचं. बाया ते बघून गप्प झाल्या होत्या.

माझी चुलती तिथं घमेली वाहायला जायची. एके दिवशी मधे खोलगट झिजलेला काळा दगड निघाला आणि त्याच्या जोडीचा घासायचा दगड. चुलती म्हणाली, "अवो सायेब, ह्यो तर आपला पाटा." ते हसून हो म्हणाले. पण त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती तिनं घरी येऊन सांगितली म्हणून मला आठवते. त्या काळच्या बाया त्या पाट्यावर नुसतं वाटण वाटत नव्हत्या. धान्यही त्यावरच पिठायचं. गुडघ्यावर बसायचं, दोन्ही हातांनी वरचा दगड पुढं ढकलायचा, मागं ओढायचा. सगळ्या घराच्या भाकरीचं पीठ असं. आई ऐकून म्हणाली, "म्हंजी आपल्यापेक्षा वाईट."

तसंच होतं. गोल फिरणारं जातं फार पुढं आलं. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाला खणलं, तिथं सातवाहनांच्या काळातल्या थरात फिरती जाती सापडली. म्हणजे मोजून दोन हजार वर्षांचा हा जिन्नस. ज्या बाईच्या हाती पहिल्यांदा लाकडी खुंटा आला असेल तिला ते केवढं सुख वाटलं असेल! गुडघ्यांची सुटका, पुढं-मागं वाकणं संपलं, एक हात वैरायला मोकळा झाला. त्या काळचा तो मिक्सरच म्हणायचा.

आणि मग दोन हजार वर्षं गाडी तिथंच थांबली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात पाण्यावर फिरणारी चक्की झाली. पाणचक्की म्हणून लोक आजही बघायला जातात. तिच्यावर दर्ग्यातल्या फकिरांचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंचं दळण व्हायचं. घरच्या बाईचं जातं घरीच राहिलं.

ज्यांनी जातं फक्त फोटोत बघितलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन काळ्या दगडी तळ्या, एकीवर एक. खालची जमिनीत घट्ट बसवलेली, तिच्या मधोमध खिळा. वरचीला मधे भोक, त्यातून मुठीमुठीनं धान्य वैरायचं. कडेला लाकडी खुंटा. कोंबडा आरवायच्या आत आई आणि चुलती समोरासमोर बसायच्या, एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला, एकाच खुंट्याला दोघींचे हात. नऊ माणसांचं घर, वर गडी. दोन-अडीच तास दळलं की दिवसाचं पीठ व्हायचं. हिवाळ्यात बाजरी, एरवी ज्वारी. सणाला पुरणाची डाळ भरडायची ती आणखी वेगळी. हाताला घट्टे असायचेच. दिवस गेलेल्या बाईला दळणातून सूट नव्हती. उलट दळलं की बाळंतपण सोपं जातं असं म्हणायचे. असं म्हणणाऱ्यात एकही बाळंतीण नसायची.

दळून दळून तळ्या गुळगुळीत व्हायच्या, मग पीठ जाडंभरडं यायचं. त्यासाठी दारावर हाळी यायची, "टाकी लावायची का टाकीऽऽ". टाकी लावणारा दगडावर छिन्नीनं बारीक टिचे पाडायचा, ठक ठक ठक, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण गुरांना, कारण त्यात दगडाची कच यायची. दुसऱ्या दळणातही थोडी यायचीच. जुन्या माणसांचे दात लवकर झिजायचे त्याचं एक कारण हेही असणार.

आणि ओव्या. ओव्यांबद्दल बोलल्याशिवाय जात्यावरचा लेख पुरा होत नाही, असा रिवाज आहे. रिवाज खोटा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या, त्यांची गणती लाखाच्या वर गेली. बायांनी कुठं बोलून न दाखवलेलं सगळं त्यात आहे, भाऊ, माहेर, सासू, विठ्ठल. आईलाही पुष्कळ यायच्या. गिरणी आल्यावर तिचं गाणं बंद पडलं, ते खरंच नुकसान. मी पुढं मोठा झाल्यावर एकदा तिला म्हटलं, बय, तुझ्या ओव्या गेल्या त्याचं वाईट वाटतं. ती म्हणाली, "तू दळ, मी म्हंते."

आता कडबाकुट्टीकडं वळतो. जनावरांच्या चाऱ्याचे तुकडे करायचं हे चाकाचं यंत्र, दोन पाती लावलेलं. आमच्या आजोबांनी ते घेतलं ते माझ्या जन्माच्या आधी. महाराष्ट्रात यंत्रांचा इतिहास सांगताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांनी बेळगावात सुरुवात केली ती कडबा कापायच्या यंत्रापासून. त्यानंतर लोखंडी नांगर. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. फार मोठं काम, शेतकऱ्याच्या पोरानं त्यांना नमस्कार करावा एवढं मोठं.

पण हिशेब मांडून बघा. आमच्याकडं वैरण हा शब्द दोन ठिकाणी चालतो. बैलाला घालतात ती वैरण, आणि जात्याच्या तोंडात वैरतात तीही वैरण. बैलाच्या वैरणीला यंत्र आलं ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. बाईच्या वैरणीला आमच्या घरात आलं त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी. यात कारखानदाराचा काही दोष नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो करणार. आणि बाजारात पैसा घेऊन जाणारं गिऱ्हाईक आजोबा होते, आजी नव्हती.

गावात गिरणी आली १९६६-६७ च्या सुमारास. शेजारच्या गावच्या एका व्यापाऱ्यानं डिझेलचं इंजन बसवलं. धुराड्याच्या नळीवर पत्र्याचा डबा, त्यातून पुक पुक पुक आवाज. तो आवाज आला की कळायचं, गिरणी चालू आहे, दळण घेऊन जायला हरकत नाही. आजोबा गिरणीच्या विरुद्ध. त्यांची तीन कारणं होती. एक, दळणाला रोख पैसे कोण देणार. दोन, गिरणीत पीठ तापतं, त्याची विरी जाते, भाकरी तुटते. तीन, बाया रिकाम्या बसतील. दुसऱ्या कारणात तथ्य होतं. आईसुद्धा म्हणायची की जात्याच्या पिठाची भाकरी थापायला सोपी, गिरणीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं. पहिल्या कारणालाही थोडं तथ्य होतं. तिसऱ्याबद्दल काय बोलावं.

ज्वारी हुरड्यात आली की आजोबा राखणीला रानात मुक्कामी जायचे. त्या हिवाळ्यात आई आणि चुलतीनं ठरवलं. अंडी विकलेले पैसे घरात बाईचे असत, त्यातून दळणाची सोय झाली. डोक्यावर पाटी घेऊन मला आणि थोरल्या बहिणीला गिरणीवर पाठवायच्या. आजोबांची भाकरी रानात जायची. महिनाभर त्यांनी ती खाल्ली आणि एकदा निरोपही धाडला की आता पीठ बारीक येतंय, टाकी चांगली लागली.

सुगी झाल्यावर ते घरी झोपायला आले आणि दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. "पहाटचा जात्याचा आवाज येत न्हाई?" आई आणि चुलती चुलीपाशी मान खाली घालून बसल्या. तेव्हा आजी बोलली. आजी म्हणजे त्या घरात पन्नास वर्षं दळलेली बाई. म्हणाली, "म्याच बंद केलंय. मला पहाटची झोप लागत न्हाई त्या घरघरीनं." आजोबा काही बोलले नाहीत. पन्नास वर्षं त्यांना त्याच घरघरीत छान झोप लागली होती, हे आजीनं त्यांना ऐकवलं नाही, एवढंच.

त्या दिवसापासून जातं पडवीत गेलं. पुढं १९७२ च्या दुष्काळात ते काही दिवस परत फिरलं, कारण गिरणीवाल्याला द्यायला पैसे नव्हते. घरची ज्वारी नव्हतीच. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची. आई खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची. दिवसा दगड फोडायचा आणि पहाटे दगड ओढायचा, असं तिचं ते वर्ष गेलं. जात्यावर तिचा राग होता त्यात त्या वर्षाचाही वाटा असणार.

दुष्काळानं स्वयंपाकघरात दुसरा फरक केला तो भांड्यांचा. तोवर घरात तांब्या-पितळेचं राज्य होतं. हंडे, घागरी, तपेली, पराती. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, की आतून भांडं चांदीसारखं. बहात्तर साली ही भांडी वजनावर मोडीत गेली. आमचे दोन हंडे, एक घागर आणि आईच्या माहेरची परात गेली. पाऊस पडल्यावर त्यांच्या जागी आलं ते जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. हलकं, स्वस्त, पण चेमटायचं. स्टील आलं त्यानंतर. जुनी कपडे-पातळं घेऊन स्टीलचा डबा देणारी बोहारीण यायला लागली तेव्हा कल्हईवाल्याचा धंदा बसला. तो एका वर्षी आला नाही आणि नंतर कधीच आला नाही. मला वाटतं आमच्या गावात त्याची वाट बघणारं शेवटचं घर आमचंच होतं, कारण आईनं एक पितळी पातेलं दडवून ठेवलं होतं.

स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. दुकानात एक माणूस वीजेची सुई घेऊन बसायचा, टर्रर्र करून अक्षरं कोरायचा. आमच्या घरातल्या सगळ्या भांड्यांवर दादांचं, म्हणजे वडलांचं नाव आहे. दादांनी आयुष्यात एकदाही भात रांधला नाही.

विहिरीवर वीज आली १९७४ साली. पाच अश्वशक्तीची मोटर बसली, मोट गेली, बैल सुटले. गावानं पेढे वाटले. त्याच वर्षी घरात एक बल्ब लागला, तोही ओसरीवर. मिक्सर आला १९९१ साली. मधली सतरा वर्षं त्या विजेनं उसाला पाणी पाजलं आणि आईनं पाट्यावर वाटण वाटलं. मिक्सर तोवर निघाला नव्हता असं नाही. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरनं १९६३ च्याच सुमारास तो काढला होता. त्यांच्या घरी जर्मन मिक्सर होता, त्याची मोटर बंद पडली. युरोपातलं ते यंत्र मऊ पदार्थ घुसळायला केलेलं. आपली भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड त्याला कसं झेपणार? माथुरांनी आपल्या वाटणाला पेलेल अशी दणकट मोटर बसवली आणि सुमीत नावाचा मिक्सर बाजारात आणला. पुढं घरोघरी मिक्सर म्हणजे सुमीत असंच झालं होतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यंत्र करणाऱ्यानं आधी आपल्या घरातल्या बाईचं काम बघितलं.

आमचा मिक्सर माझ्या मंडळींनी आणला. बारा बायांची भिशी होती. डेअरीचा दुधाचा पगार झाला की त्यातून भरायच्या. तिचा नंबर लागला आणि ती शिरूरहून मिक्सर घेऊनच आली. दादांनी दुसऱ्या दिवशी कालवण खाऊन सांगितलं, "पाट्याची चव न्हाई." आई तेव्हा सासू, तिनं सुनेची बाजू घेतली. म्हणाली, "चव मनगटाची असती. तुम्हाला पायजे असंल तर पाटा हाय तिथं, वाटा." दादांनी भाकरी मोडून कालवणात कुस्करली.

खरं बोलायचं तर चवीत फरक आहे. मिक्सरचं पातं कापतं आणि वेगानं फिरताना वाटण तापवतं. वरवंटा चेचतो, रगडतो. लसणाची चटणी, शेंगदाण्याचा ठेचा पाट्यावर वाटला की तेल सुटतं, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. आई ते जाणून होती. मिक्सर आल्यावरही ठेचा ती पाट्यावरच करायची, कारण दहा मिनिटांचं काम आणि तेही तिच्या मर्जीचं. रोज पहाटे उठून अडीच तास ओढायची सक्ती वेगळी आणि मनात आलं म्हणून मूठभर मिरच्या रगडणं वेगळं. पाटा तिला आवडायचा तो मिक्सर आल्यानंतर. आधी आवडत होता का, हे मी तिला विचारलेलं नाही.

कुकर त्याच्या आधी आला, १९८४ साली, माझ्या लग्नातल्या रुखवतात. आपल्याकडं प्रेस्टिज आणि हॉकिन्सचे कुकर १९५९ च्या सुमारास निघाले. मूळ युक्ती मात्र जुनी. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनमध्ये झाकण गच्च लावलेलं भांडं करून त्यात हाडं मऊ शिजवून दाखवली होती. वाफ कोंडली की दाब वाढतो, पाणी शंभर अंशाला न उकळता एकशेवीसपर्यंत तापतं आणि डाळ लवकर शिजते, एवढीच ती युक्ती. आई पहिल्या शिट्टीला अंगणात पळाली होती. पण चुलीवर तुरीची डाळ शिजायला तास-दीड तास लागायचा, तेवढ्या तुराट्या जळायच्या. कुकर चुलीवर ठेवला तरी पाव तासात काम व्हायचं. महिनाभरात तिनंच कुकर काळा करून टाकला. बायकोला ते काही आवडलं नाही, रुखवतातला चकचकीत कुकर होता तो.

स्टोव्ह आमच्याकडं आला तो फक्त चहापुरता. प्रायमस म्हणतात तो, स्वीडनच्या लिंडक्विस्टनं १८९२ साली काढलेला. पिन मारा, पंप मारा, रॉकेलच्या रांगेत उभे राहा. आईनं त्याला कधी जवळ केलं नाही. ऐंशीच्या सालात पेपरात रोज यायचं, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. भाजायची ती नेहमी सूनच, सासू कधी भाजल्याचं वाचलं नाही. १९८३ साली चारशे अठ्ठ्याण्णव-अ हे कलम आलं ते अशाच मरणांच्या पाठोपाठ. अवजारांच्या इतिहासात हेही लिहून ठेवायला हवं.

धुराचं लवकर आटोपतो. चुलीवर फुंकणीनं फुंकून आईचे डोळे कायम लाल असायचे. निर्धूर चूल आली ती गावात दोन घरांत टिकली. गोबरगॅस आम्ही १९८६ ला बांधला, तो जनावरं होती तोवर चालला. मुंबईत १९५५ च्या सुमारास सिलिंडरचा गॅस मिळू लागला होता. आमच्याकडं १९९८ ला आला. वस्तीवरच्या घरांत २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. आज वस्तीवर गेलं तर शेगडी कपड्यानं झाकून ठेवलेली आणि अंगणात चूल पेटलेली दिसते, कारण भरलेली टाकी परवडली पाहिजे.

आता न बदललेल्या वस्तूंबद्दल. सुरी घरात दहा आल्या आणि बोथट होऊन गेल्या. विळी एकच, आईच्या लग्नातली. पायानं पाट दाबून धरायचा, की दोन्ही हात भाजीला मोकळे. भोपळा असो नाहीतर मेथीची जुडी, पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. टोकाला खोबरं खवायचं चक्र. लोहारानं केलेली साधी चीज, पण इतका विचार केलेली. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर फिरून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथं जुन्या घरातल्या अशा वस्तूंची दालनं आहेत. नातवंडांना घेऊन एकदा जाऊन बघा. तिथनं परत आल्यावर आपल्या घरातली विळी वेगळी दिसते. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक सुरू झाला तशी विळी कोपऱ्यात गेली. गुडघे धरलेल्या बाईला खाली बसवत नाही, हे मान्य. पण वजन कुठल्या हातानं कसं पेलायचं याचा तो एवढा सुरेख हिशेब सुरीत नाही.

काठवट बाभळीची. भाकरी थापताना पीठ तिला चिकटत नाही आणि परातीसारखी ती सरकत नाही. एका बाजूला तडा गेला तेव्हा आईनं सुताराकडून पत्र्याची पट्टी मारून घेतली. तवा बिडाचा. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की सगळीकडं सारखा तापतो आणि भाकरी टम्म फुगते. आई त्याला कधी साबण लावू द्यायची नाही. सुनेनं नॉनस्टिक आणला तेव्हा आई हात फिरवून म्हणाली, "ह्याला उलथन्याची भीती वाटती का?" दोन वर्षांत त्याचं काळं निघायला लागलं आणि तो कोंबड्यांना पाणी ठेवायला गेला. बिडाचा अजून आहे. मधोमध थोडा पातळ झालाय.

२०१२ साली सुनेनं घरघंटी आणली. विजेवर चालणारी, कपाटासारखी दिसणारी छोटी गिरणी. या बहुतेक गुजरातेतून येतात, आणि गुजरातीत घंटी म्हणजे जातंच. म्हणजे पडवीत टाकलेलं जातं पन्नास वर्षांनी नवं नाव घेऊन घरात आलं, फक्त या वेळी बटणावर. आई तेव्हा हिंडती-फिरती होती. पाट टाकून तिच्यापुढं बसायची आणि पीठ पडताना बघत राहायची. हात लावायची नाही. एकदा सून म्हणाली, "आजी, पीठ चांगलं येतंय ना?" आई म्हणाली, "पीठ राहू दे. आवाज बंद झाल्यावर तू दमलीस का, ते सांग."

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न झालं. हळदीला जातं लागतं, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधून सवाष्णी त्यावर हळद दळतात. आमचं पडवीतलं जातं इतकं जड की उचलून मांडवात न्यायला चार गडी लागले असते, आणि त्याची खालची तळी तर केव्हाच फरशीखाली गाडली गेलीय. मांडववाल्यानं भाड्याचं आणलं. हातभर रुंद, लाल-पिवळा रंग दिलेलं, खुंट्याला गोंडे. फोटोसाठी पाच बाया त्याच्याभोवती बसल्या. चुलती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, तिला पहिला मान दिला. तिनं वरची तळी थोडी उचलून आतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ह्याला टाकीच लावलेली न्हाई."

मग नवरीची हळद मिक्सरमधून काढली.